शारीरिक परिश्रम, दमसास आणि हृद्विकार

हृदयाला विश्रांती द्यावी की त्याच्याकडून काम करवून घ्यावे, हा प्रश्न वैद्यकात दीर्घकाळ एकाच बाजूने निकालात निघाल्यासारखा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृद्विकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास साधारणतः सहा आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहावयास सांगत असत. कित्येकदा त्यास स्वतःच्या हाताने घासही घेऊ देत नसत. हृदयाच्या स्नायूला जखम झालेली आहे, आणि जखमी अवयवाला हालचाल नको, हा विचार वरवर पाहता सयुक्तिकच होता. १९५२ साली बॉस्टन येथील सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच बिछान्यावरून उचलून खुर्चीत बसविण्याचा उपक्रम प्रसिद्ध केला. त्यापासून अपाय तर झाला नाहीच, उलट रुग्ण लवकर सावरू लागले. खुर्चीत बसणे ही गोष्ट आज कोणासही परिश्रमाची वाटणार नाही. परंतु त्या काळी ते धाडस मानले गेले.

त्याच्या पुढल्याच वर्षी, १९५३ च्या नोव्हेंबरात, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. व्यायाम आणि हृदय यांच्या संबंधाविषयी आज जे काही निश्चितपणे सांगता येते त्याची सुरुवात बहुतांशी या निबंधापासून होते. तो लिहिला गेला तेव्हा त्यातील निष्कर्षावर विश्वास ठेवण्यास फारसे कोणी तयार नव्हते, आणि ज्या शंका तेव्हा घेतल्या गेल्या त्यांतील एक शंका तर अत्यंत रास्त होती. ती शंका कोणती आणि तिचे निरसन कसे व कितपत झाले, हे पाहिल्यावाचून या विषयाचे मर्म ध्यानात येत नाही.

मॉरिस हे ग्लासगोत वाढलेले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात लष्करी वैद्यकसेवेत काम केले होते. युद्धानंतर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ साली सामाजिक वैद्यकाचा जो संशोधन विभाग उघडला त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांच्यापुढील कोडे असे होते : मध्यमवयीन पुरुषांत हृद्विकाराने येणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते, पण का, ते कळत नव्हते. हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरविणाऱ्या ज्या रोहिण्या असतात, ज्यांना हृद्रोहिण्या म्हणतात, त्यांच्या आतील भित्तीवर मेदाचे थर साचून त्या अरुंद होतात, हे ठाऊक होते. मॉरिस यांनी लंडन येथील एका जुन्या रुग्णालयातील १९०७ ते १९४९ या काळातील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हृद्विकाराचे झटके त्या चाळीस वर्षांत पुष्कळ वाढले होते. मात्र रोहिण्यांतील ते थर वाढलेले दिसत नव्हते. तेव्हा केवळ नळी अरुंद होणे हे झटक्याचे संपूर्ण कारण असू शकत नाही, आधुनिक जीवनातील दुसरे काही तरी त्यास हातभार लावीत असले पाहिजे, असा तर्क करणे भाग पडले. ते ‘दुसरे काही’ निरनिराळ्या व्यवसायांची तुलना करून सापडेल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील कर्मचारी निवडले.

ही निवड फार मार्मिक होती. लंडनच्या दुमजली बसगाडीवर दोन माणसे काम करीत. एक चालक व दुसरा कंडक्टर. दोघेही एकाच थरातील, सारख्याच वस्त्यांत राहणारे, वेतनातही फारसा फरक नसलेले. धूर, थंडी, गर्दी आणि पाळ्यांची अनियमितता दोघांच्याही वाट्याला सारखीच. भेद एकच. चालक आपल्या पाळीतील सुमारे नव्वद टक्के वेळ बसून काढी, तर कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभर गाडीत फिरे आणि वरच्या मजल्यावर जा-ये करी. एका दिवसात तो सुमारे ६०० पायऱ्या चढत असे. मुंबईत १९३७ सालापासून दुमजली बसगाड्या धावू लागल्या. ऐन गर्दीच्या वेळी चालत्या गाडीत तिकिटांची पेटी सांभाळीत तो अरुंद, वळणाचा जिना वारंवार चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या श्रमाची कल्पना वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही.

३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष वाहतूक कर्मचाऱ्यांची १९४९ आणि १९५० या दोन वर्षांतील आजाराची व मृत्यूची नोंद तपासण्यात आली. हृद्विकाराचे प्रमाण चालकांत दर हजारी दर वर्षी २.७ भरले, कंडक्टरांत ते १.९ होते. अंतर याहूनही स्पष्ट होते ते झटक्याच्या तीव्रतेत. चालकांचा पहिलाच झटका पुष्कळदा अकस्मात मृत्यूच्या रूपाने येई, किंवा झटक्यानंतरच्या तीन महिन्यांत ते दगावत. कंडक्टरांत रोग उद्भवला तरी तो बऱ्याचदा चालताना छातीत कळ येणे अशा तुलनेने सौम्य स्वरूपात प्रकट होई. टपाल खात्यातही असेच चित्र दिसले. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांपेक्षा दूरध्वनी जोडणारे कर्मचारी व कार्यालयातील कारकून यांच्यात रोगाचे प्रमाण अधिक होते. शरीरश्रमाच्या कामापासून हृद्विकाराविरुद्ध काही संरक्षण मिळत असावे, असा निष्कर्ष मॉरिस यांनी सावधपणे मांडला.

शंका आली ती येथे. कंडक्टर जिने चढतो म्हणून त्याचे हृदय निरोगी राहते, की ज्याची प्रकृती मुळातच काटक आहे असा मनुष्यच कंडक्टरचे काम पत्करतो आणि ज्याला बसून राहणे रुचते तो चालक होतो ? दुसरा पर्याय खरा असेल तर जिन्याचा व हृदयाचा काही संबंध उरत नाही. निरीक्षणावर आधारलेल्या सर्व संशोधनाला ग्रासणारी ही अडचण आहे. संख्या कितीही मोठ्या घेतल्या तरी ती दूर होत नाही.

या शंकेला बळकटी देणारा पुरावा मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी स्वतःच शोधून काढला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणावी लागेल. वाहतूक संस्था कर्मचाऱ्यांना गणवेश पुरवी, आणि गणवेशासाठी मापे घेतली जात. शिंप्यांच्या त्या वह्यांतून विजारींच्या कमरेची मापे काढून १९५६ साली त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच ‘गणवेशांचे रोगपरिस्थितिविज्ञान’ असा मिस्कील शब्दप्रयोग आहे. चालकांच्या विजारी कंडक्टरांच्या विजारींपेक्षा कमरेत रुंद होत्या, आणि वर्षानुवर्षे बसून त्या रुंद झाल्या असेही म्हणता येईना, कारण तरुण वयातील कर्मचाऱ्यांतही हा फरक दिसतच होता. म्हणजे दोन गट आरंभापासून सर्वस्वी सारखे नव्हते. पुढे, १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चालकांचा रक्तदाब व रक्तातील कोलेस्टेरॉल यांचे प्रमाणही जास्त आढळले. मात्र कृश, मध्यम व स्थूल अशी वर्गवारी करून पाहिले असता प्रत्येक वर्गात अकस्मात मृत्यूचे प्रमाण कंडक्टरांत चालकांपेक्षा कमीच राहिले. शिंप्याच्या वहीने काही भाग समजावून दिला. सगळा दिला नाही.

मध्यंतरी १९५८ साली ब्रिटनभरच्या रुग्णालयांतील शवविच्छेदनांची एक व्यापक पाहणी झाली. इतर कारणांनी मृत्यू आलेल्या पुरुषांची हृदये त्यांच्या व्यवसायाप्रमाणे विभागून पाहण्यात आली. हृद्रोहिण्यांच्या भित्तींवरील मेदाचे थर हलके काम करणाऱ्यांत आणि जड काम करणाऱ्यांत जवळजवळ सारखेच होते. हृदयाच्या स्नायूत जुन्या जखमांचे जे व्रण आढळले ते मात्र हलके काम करणाऱ्यांत स्पष्टपणे अधिक होते. श्रमाने नळी स्वच्छ राहते असे नाही, तर त्याच नळीवर निभावून नेण्याचे सामर्थ्य हृदयाला येते, असा याचा अर्थ लावता येत होता. त्यासाठी श्रमाने हृदयात नेमके काय घडते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते व प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते; म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. एक लिटर शुद्ध रक्तात सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू असतो, आणि विश्रांतीत शरीर त्यातील ५० मिलिलिटरच काढून घेते. पाच लिटरांतून प्रत्येकी पन्नास, असा २५० मिलिलिटर प्राणवायू दर मिनिटाला खर्ची पडतो. जोराने धावू लागल्यावर हे दोन्ही आकडे वाढतात : हृदय मिनिटाला २० लिटर रक्त ढकलू लागते, आणि काम करणारे स्नायू प्रत्येक लिटरातून १५० मिलिलिटरपर्यंत प्राणवायू ओढून घेतात. तेव्हा खर्च ३ लिटरांवर जातो. हा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेल्या तत्त्वाचाच विस्तार आहे. एका मर्यादेपलीकडे वेग वाढविला तरी प्राणवायूचा खर्च वाढत नाही, हे १९२३ च्या सुमारास ए. व्ही. हिल आणि हार्टले लप्टन यांनी मँचेस्टर येथे दाखवून दिले. धावणाऱ्याच्या पाठीवर पिशवी बांधून त्याचा उच्छ्वास तीत गोळा करण्यात येई, आणि धावणारा पुष्कळदा हिल हेच असत. स्नायूंतील उष्णतेच्या संशोधनासाठी त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. ही वरची मर्यादा, म्हणजे एखादा मनुष्य दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो तो आकडा, दमसासाचे सर्वांत विश्वसनीय माप मानला जातो.

‘दमसास’ हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. इंग्रजीतून आलेला ‘एरोबिक’ हा शब्द मुळात लुई पाश्चर यांनी हवेवर जगणाऱ्या सूक्ष्मजंतूंसाठी योजलेला. १९६८ साली अमेरिकी वायुदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या त्याच नावाच्या पुस्तकाने तो व्यायामाला जोडला गेला. भरभर चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे, नाव वल्हविणे असे मोठे स्नायू लयबद्ध रीतीने दीर्घकाळ राबविणारे आणि प्राणवायूचा पुरवठा मागणीच्या बरोबरीने होत राहील इतपतच जोराचे जे व्यायाम, ते या नावाखाली येतात. गवयापासून पोहणाऱ्यापर्यंत ज्याला ‘दमसास’ म्हटले जाते त्याच शक्तीची ही मशागत होय.

अशा व्यायामाने हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती वाढत नाही. विशीतील तरुणात ती मिनिटाला २०० च्या आसपास असते, आणि कसलेल्या धावपटूतही तेवढीच. वाढते ते एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. नवख्या माणसात ते कमाल श्रमाच्या वेळी १०० मिलिलिटर असेल, तर दीर्घ पल्ल्याच्या धावपटूत १७० किंवा त्याहूनही अधिक. हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारी खालची पोकळी, आकाराने वाढते; तिची भित्ती लवचिक राहते, त्यामुळे ती अधिक रक्ताने भरते. रक्ताचे एकूण आकारमानही पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागते. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींत प्राणवायूचा उपयोग करून ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक संख्येने वाढतात. परिणामी विश्रांतीच्या वेळी तेच पाच लिटर रक्त थोड्या ठोक्यांत पुढे जाते. ज्याचा नाडीचा वेग ७५ वरून ६० वर आला त्याचे हृदय दिवसाकाठी २१,६०० ठोके वाचविते. तासभराच्या व्यायामात नाडी १५० वर राहिली, असे धरले तरी त्यापायी जास्तीचे ठोके पडतात ५,४०० च.

ठोके वाचण्यात आणखी एक लाभ आहे, आणि तोच बहुधा कंडक्टरांच्या बाबतीत निर्णायक असावा. हृदयाचा स्नायू स्वतःच्या रोहिण्यांतून आलेल्या रक्तातील सुमारे सत्तर टक्के प्राणवायू विश्रांतीतही काढून घेतो. त्याच्यापाशी काटकसरीला फार जागा नसते. काम वाढले की त्याला रक्तच जास्त मिळावे लागते. डाव्या जवनिकेच्या भित्तीला हे रक्त मिळते ते प्रामुख्याने दोन ठोक्यांमधील सैलावलेल्या अवस्थेत, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच आपल्या आतील वाहिन्या दाबून धरतो. नाडी मंद म्हणजे दोन ठोक्यांमधील विराम लांब, आणि विराम लांब म्हणजे हृदयाचे स्वतःचे पोषण अधिक. जिना चढताना १३० पर्यंत जाणारी नाडी सवयीने ११० वरच राहू लागली, तर अरुंद झालेल्या रोहिणीतूनही भागण्याइतके रक्त येऊ शकते. शवविच्छेदनाच्या पाहणीतील कोड्याशी हे जुळते.

ताकदीचे व्यायाम आणि दमसासाचे व्यायाम यांचा हृदयावरील परिणाम एकसारखा नसतो, असे १९७५ साली अमेरिकेतील एका पाहणीत दिसून आले. धावणाऱ्या व पोहणाऱ्यांच्या हृदयाची पोकळी मोठी झालेली होती, तर कुस्तीगीर व गोळाफेक करणारे यांच्या हृदयाची भित्ती जाड झालेली होती. ही विभागणी तितकी काटेकोर नाही, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखविले आहे. तालमीतल्या मल्लाला तर ती कधीच पटली नसती, कारण एका दमात शेकड्यांनी मारलेल्या जोर-बैठका ही ताकदीची मेहनत की दमसासाची, हे सांगणे कठीणच आहे.

ज्या प्रयोगाने हे सारे एका दृष्टिक्षेपात दाखविले तो १९६६ साली डॅलस येथे झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी विद्यार्थ्यांना तीन आठवडे पूर्णपणे बिछान्यात झोपवून ठेवण्यात आले, व त्यानंतर सुमारे आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेण्यात आला. पाचांपैकी दोघे आधीपासून व्यायामाची सवय असलेले होते. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल शक्ती आरंभी मिनिटाला सरासरी ३.३ लिटर होती; तीन आठवड्यांच्या झोपेने ती २.४ वर घसरली, आणि व्यायामानंतर ३.९ वर चढली. घट झाली होती ती मुख्यतः एका ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्तात. हृद्विकाराच्या रुग्णांना सहा आठवडे निजवून ठेवणारी जुनी पद्धत त्यांच्या हृदयाचे काय करीत होती, याचे उत्तर या आकड्यांत मिळाले. १९६८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर ती पद्धत कोणी समर्थपणे मांडू शकले नाही.

तीस वर्षांनी, १९९६ साली, हेच पाच जण पुन्हा तपासण्यात आले. सर्वांनी पन्नाशी गाठली होती, वजने बरीच वाढली होती. कमाल शक्ती २.९ लिटर भरली. तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी हानी केली तिच्या दुपटीहून अधिक हानी विशीत तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती ! सहा महिने बेताबेताने वाढविलेल्या व्यायामाने पाचही जण सरासरीने आपल्या विशीतल्या आरंभबिंदूवर परत आले. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. विशीत ही सुधारणा बऱ्याच अंशी हृदयाने अधिक रक्त ढकलल्यामुळे झाली होती. पन्नाशीत ती संपूर्णपणे स्नायूंनी रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेतल्यामुळे झाली. शरीराने तोच पल्ला गाठला, पण हृदयाने स्वतः फारसा बदल स्वीकारला नाही.

आता पुन्हा लंडनकडे वळता येईल. मॉरिस यांना व्यवसायातील निवडीची शंका सतावीत होती, शिवाय जड कामाचे व्यवसायच यंत्रयुगात कमी होत होते. (कंडक्टर असलेल्या जुन्या दुमजली गाड्यांची नियमित सेवा लंडनमध्ये पुढे २००५ च्या डिसेंबरात बंद झाली.) म्हणून त्यांनी सर्वजण बसूनच काम करतात अशा लोकांत, म्हणजे मध्यम श्रेणीच्या सरकारी अधिकाऱ्यांत, फावल्या वेळच्या श्रमाची पाहणी हाती घेतली. ४० ते ६४ वयाच्या सुमारे १७,००० पुरुषांना सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, गेल्या शुक्रवारी व शनिवारी त्यांनी काय काय केले याची तपशीलवार नोंद करावयास सांगण्यात आले. १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नोंदीत पोहणे, जोराने चालणे, बागेत जमीन खणणे असा दम वाढविणारा श्रम होता, त्यांना हृद्विकाराचा धोका इतरांच्या मानाने सुमारे एकतृतीयांश होता. संथ चालणे व हलकीसलकी बागकामे यांचा तसा परिणाम दिसला नाही. केवळ हालचाल पुरत नाही, श्वास वाढला पाहिजे, असे मत यावरून मॉरिस यांचे झाले. स्त्रियांच्या बाबतीत हे कितपत खरे, याचे उत्तर या सर्व अभ्यासांत नव्हते. ते अमेरिकेतील ७२,००० हून अधिक परिचारिकांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिळाले, आणि त्यात भरभर चालण्याचा लाभ जोराच्या व्यायामाइतकाच आढळला.

निवडीच्या शंकेला सर्वांत चांगले उत्तर मात्र एका वेगळ्याच बाजूने मिळाले. काटक प्रकृतीच हृदयाचे रक्षण करीत असेल, तर ज्याने तारुण्यात मैदान गाजविले त्याला ते रक्षण आयुष्यभर मिळावयास हवे. अमेरिकेत राल्फ पॅफनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळजवळ १७,००० माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७८ साली दाखविले की, विद्यार्थिदशेतील खेळाडूंनी पुढे व्यायाम सोडला असल्यास त्यांना कोणताच विशेष लाभ उरत नाही. आणि ज्यांनी विद्यापीठात कधी मैदान पाहिले नाही, पण नंतर नियमित श्रम चालू ठेवले, त्यांना तो मिळतो. आठवड्याला सुमारे २,००० कॅलरी शरीरश्रमात खर्च करणाऱ्यांच्या मानाने त्याहून कमी खर्च करणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी अधिक होते. मॉरिस यांच्या १९९० च्या निबंधातही पूर्वाश्रमीच्या खेळाडूंना काही लाभ दिसला नाही. दमसास साठवून ठेवता येत नाही, आणि जन्मजात प्रकृतीचे स्पष्टीकरण येथे लंगडे पडते. मॉरिस व पॅफनबार्गर या दोघांना १९९६ साली ऑलिंपिक समितीचे क्रीडाविज्ञानाचे पहिले पारितोषिक मिळाले. मॉरिस २००९ साली, शंभरी गाठण्यास काही महिने कमी असताना निवर्तले.

भारतीय उपखंडाच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष निकड आहे. ५२ देशांतील रुग्णांच्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासातून २००७ साली असे निष्पन्न झाले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतरत्र तो ५९ च्या सुमारास. आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण येथील निरोगी लोकांतही इतरांपेक्षा कमी होते. अर्थात सहा वर्षांचे हे अंतर केवळ व्यायामाच्या अभावाने पडते, असे नाही. तंबाखू, मधुमेह आणि रक्तातील मेदाचे स्वरूप यांचाही त्यात वाटा आहे.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. सवय नसताना एकाएकी केलेला जोराचा श्रम हृदयाला खरोखरच घातक ठरू शकतो. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदाही जोराचा श्रम न करणाऱ्यांत असा श्रम केल्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या मानाने शंभरपटीहून अधिक वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत ती वाढ अडीचपटीच्या आतच होती. एरवीचा तासाभराचा धोका अत्यल्प असल्याने शंभरपट झाला तरी तो फार मोठा होत नाही, हे खरे; तथापि चाळिशी उलटल्यावर एखाद्या दिवशी उत्साहाने धावत सुटण्यापेक्षा चालण्यापासून आरंभ करून कित्येक आठवडे हळूहळू श्रम वाढविणे श्रेयस्कर, आणि छातीत कळ येत असल्यास आधी डॉक्टरांकडून तपासून घेणे आवश्यक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे, अथवा जोराच्या श्रमाची ७५ ते १५० मिनिटे सुचविली आहेत. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की त्यात बोलता येते, पण गाता येत नाही.

निरीक्षणातील मूळ उणीव पूर्णपणे दूर करावयाची तर चिठ्ठ्या टाकून माणसे दोन गटांत विभागली पाहिजेत, म्हणजे कोणाची प्रकृती कोणत्या गटाकडे ओढ घेते हा प्रश्नच राहत नाही. नॉर्वेत सत्तरीतील दीड हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षे चाललेल्या अशा प्रयोगाचे फलित २०२० साली प्रसिद्ध झाले. व्यायामाचे वर्ग दिलेल्या व न दिलेल्या गटांत मृत्यूच्या प्रमाणात निश्चित फरक आढळला नाही. पण वर्ग न दिलेले लोकही आपापल्या परीने पुष्कळ व्यायाम करीतच होते, त्यामुळे तुलनाच फिकी पडली. मृत्यूच्या बाबतीत चिठ्ठीची कसोटी अशा रीतीने अनिर्णित राहिली आहे. हृदयाच्या घडणीबाबत तशी स्थिती नाही. डॅलस येथेच ४५ ते ६४ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या ६१ निरोगी स्त्री-पुरुषांना दोन गटांत विभागून दोन वर्षे पाहण्यात आले, आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष बाहेर आले. एका गटाला योगासने, तोल सावरण्याचे व ताकदीचे सौम्य व्यायाम देण्यात आले; दुसऱ्याला आठवड्यातून चार-पाच दिवस दमसासाचे, त्यांत काही सत्रे चांगलीच दमविणारी. दुसऱ्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती १८ टक्क्यांनी वाढली, आणि वयाबरोबर ताठर होत चाललेली त्यांची डावी जवनिका पुन्हा लवचिक झाली. पहिल्या गटात असा बदल झाला नाही. याच संशोधकांनी पूर्वी पासष्टीपुढील लोकांकडून वर्षभर तसाच व्यायाम करवून घेतला होता. त्यांचा दम वाढला, परंतु जवनिकेचा ताठरपणा तसाच राहिला. पंचवीस वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करीत आलेल्या वृद्धांची जवनिका तरुणांसारखी लवचिक आढळली. दोन-तीन दिवस करणाऱ्यांत हा लाभ तितकासा दिसला नाही.